शेजाऱ्याची सेवा: आधी काय करावे, नंतर काय करावे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यातील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत सेवेची इच्छा कमी आहे, असे म्हणता येणार नाही. चुकतो तो क्रम. आधी वस्तू आणली जाते, मग ती कोणाला द्यावी याचा शोध सुरू होतो, देताना फोटो काढला जातो, आणि त्या माणसाला खरोखर कशाची गरज होती हे विचारायचे राहूनच जाते. परिणामी नाताळात एकाच विधवेच्या घरी तीन ब्लँकेटे पोहोचतात, पण तिची पेन्शन का थांबली हे वर्षभरात कोणी पाहत नाही.

पुढील टप्पे एका कुटुंबाने आपल्या जवळच्या एका माणसाची, आठवड्याला एक-दोन तास देऊन, सातत्याने सेवा कशी करावी यासाठी आहेत. शिबिरे, सामुदायिक भोजने आणि निधी गोळा करणे यांचा विचार येथे केलेला नाही. त्या कामांना माणसे आणि पैसा दोन्ही मिळतात. टप्प्यांचा क्रम बदलू नये, आणि तिसरा टप्पा ओलांडून चौथ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

## टप्पा १ : घरातली तयारी

सेवा ठरवण्याआधी घरातल्या सर्वांशी एकदा बसून बोलावे. पुष्कळ घरांत सेवा नवऱ्याच्या नावावर चालते आणि तिचा डबा बायको पहाटे उठून करते. तिला विचारलेले नसते. कोण जाणार, कोण स्वयंपाक करणार, पेट्रोलचा आणि बसचा खर्च कोठून निघणार आणि मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत काय करायचे, हे आधीच ठरले पाहिजे.

वार आणि वेळ नक्की करावी, आणि ती शेतीच्या हंगामातही टिकेल अशी असावी. खानापूर तालुक्यात भातलावणीच्या दिवसांत किंवा चिकोडी, अथणीकडे ऊसतोडणी सुरू असताना दोन तास काढणे शक्य नसेल, तर आठवड्याला अर्धाच तास ठरवावा. उत्साहाने सुरू होऊन तिसऱ्या आठवड्यात बंद पडलेली भेट न दिलेल्या भेटीपेक्षा वाईट असते, कारण त्या वेळी दाराकडे बघत बसलेले कोणीतरी असते.

मग आपल्याजवळ काय आहे याची प्रामाणिक यादी करावी. कन्नड वाचता येते का? दुचाकी आहे का? आजाऱ्याला उठवून बसवण्याची ताकद आहे का, की नुसते शेजारी बसणेच जमते? लूकच्या दहाव्या अध्यायात वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याने (यहूद्यांना परक्या असलेल्या लोकांपैकी एकाने) जवळचे तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर आणि दोन दिनार एवढेच वापरले, जखमी माणसाला उतारशाळेत पोहोचवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उतारशाळेच्या रखवालदाराकडे सोपवून, परत येण्याचे सांगून तो आपल्या वाटेला लागला. आपल्याजवळ नसलेल्या गोष्टींचे आश्वासन त्याने दिले नाही.

एक लहान वही ठेवावी. तीत नातेवाइकांचे फोन, नेहमीची औषधे, पुढच्या भेटीचा दिवस आणि दिलेले शब्द एवढेच लिहावे. घरातली भांडणे, कर्जे आणि आजारांची नावे त्या वहीत लिहू नयेत. वही कोठेही राहून जाते.

तपासणी: "मी कोणत्या वारी, किती वाजता जाणार?" या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नसेल, तर दुसरा टप्पा सुरू करू नये.

## टप्पा २ : कोणाकडे जावे

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील (ख्रिस्ती समुदायातील) एका तक्रारीची नोंद आहे: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. देणारे वाईट नव्हते. आपल्या भाषेतल्या माणसांची अडचण त्यांच्या कानावर आधी पडत होती, इतकेच. बेळगावसारख्या ठिकाणी, जिथे एकाच चर्चच्या आवारात मराठी, कन्नड, कोंकणी, तमिळ आणि इंग्रजी बोलणारी कुटुंबे असतात, हा प्रसंग रोजचा आहे. मराठी उपासनेला येणाऱ्यांना मराठी आजारी माहीत असतात, कन्नड उपासनेला येणाऱ्यांना कन्नड. आणि जी म्हातारी घरात कोंकणी बोलते, मराठी वाचते आणि कन्नड गल्लीत राहते ती कोणाच्याच यादीत नसते. प्रेषितांनी त्यावर प्रवचन दिले नाही, माणसे नेमली. नेमलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणून यादी करताना आधी भाषेची कुंपणे ओलांडून पाहावे. पायी दहा मिनिटांत पोहोचता येईल अशा घरांपैकी कोणाकडे एकटे वृद्ध आहेत, कोणाकडे अंथरुणाला खिळलेला आजारी आहे, कोणाचा मुलगा पुण्याला किंवा गोव्याला कामाला गेला आहे आणि कोण काही आठवड्यांपासून उपासनेला दिसलेले नाही, हे लिहावे. शेजारी ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. शोमरोन्याच्या गोष्टीत तर तो आपल्या लोकांपैकी नसणे हाच मुद्दा होता. ज्यांच्याकडे आधीच कोणी नियमाने जाते ती नावे खोडावीत आणि उरलेल्यांतून एकच निवडावे.

खबरदारी: जो माणूस सर्वांदेखत आभार मानतो त्याची निवड आपोआप होते. ज्याच्याकडे जायला मन कचरते, त्या नावाचा आधी विचार करावा.

शक्यतो दोघांनी जावे. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशूने बारा जणांना दोघा-दोघांनी पाठवले, आणि संत विन्सेंट दी पॉल या कॅथलिक सेवासंस्थेच्या सदस्यांची गृहभेट आजही जोडीनेच होते. एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या घरी पुरुषाने एकट्याने जाऊ नये, आणि लहान मुलांसोबत बंद खोलीत एकट्याने बसू नये. यात संशयाचा प्रश्न नाही. गावात एकदा बोलणे सुरू झाले की नुकसान त्या घराचे होते, आपले नाही.

## टप्पा ३ : विचारणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात होतात. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय समोर उभा असताना येशूने त्याला विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे (मार्क १०:५१). त्याची अडचण उघड दिसत होती, तरी विचारले. आपण मात्र न विचारता तांदूळ नेतो.

"काही लागले तर सांगा" हे वाक्य टाळावे. ते निरोप घेताना बोलायचे वाक्य आहे, प्रश्न नव्हे. त्यात मागण्याचे ओझे समोरच्यावर पडते, आणि आपल्याकडील स्वाभिमानी माणूस मरेपर्यंत मागत नाही. त्याऐवजी विचारणे नेमके, लहान आणि सहज नाकारता येईल असे असावे. उदाहरणार्थ:

"आजी, गुरुवारी मी बेळगावला चाललोय. औषधाची चिठ्ठी दिलीत तर गोळ्या घेऊन येतो."

"मावशी, मंगळवारी दुपारी मी दोन तास रिकामी आहे. मी काकांजवळ बसते, तुम्ही बाजार करून या."

समोरचे कुटुंब कन्नड बोलणारे असेल, तर मोडकेतोडके का होईना कन्नडमध्येच विचारावे. "अज्जी, गुळगी तरलेनरी?" एवढे म्हटले तरी गोळ्या आणू का, हे त्यांना कळते, आणि आपण त्यांच्या दारात त्यांच्या भाषेत आलो याची नोंद ते घेतात.

पहिले "नको" बहुधा संकोचाचे असते, दुसरे खरे असते. म्हणून पहिल्या नकारानंतर वाद न घालता थोडे बसून उठावे आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याच एखाद्या लहान गोष्टीबद्दल विचारावे. दुसऱ्यांदाही नको म्हटले तर ते मानावे आणि ओळख तेवढी ठेवावी.

प्रश्न कोणाला विचारायचा हेही महत्त्वाचे आहे. आजारी सासऱ्यांची विचारपूस दहा जण करतात. त्यांना दिवसभर उठवणारी, पुसणारी आणि भरवणारी सून मात्र त्या दहा जणांसाठी चहा करत असते. अनेक घरांत खरी सेवा तिची व्हायला हवी: दोन तास तिच्या जागी बसावे, म्हणजे तिला झोपता येईल, माहेरच्या लग्नाला जाता येईल किंवा नुसते केस धुता येतील. "वहिनी, तुम्हाला कोणता वार सोयीचा?" हा प्रश्न तिला वेगळा, स्वयंपाकघराच्या दारात, सर्वांसमोर नव्हे असा विचारावा.

नेहमीची चूक: गरज ऐकून घेता घेता सल्ला सुरू होतो. पहिल्या दोन भेटींत सल्ला देऊ नये, मागितला तरी "विचार करून सांगतो" असे म्हणावे.

## टप्पा ४ : पहिला महिना

पहिल्या महिन्यात एकच काम घ्यावे आणि ते ठरल्या दिवशी करावे. औषधे आणणे, रेशन दुकानापर्यंत सोबत जाणे, पावसाळ्याआधी गळकी कौले बदलणे, वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) जागा धरून देणे, फोनवर मुलाशी बोलणे लावून देणे, यांपैकी काहीही चालेल. दुसरे काम समोरच्या माणसाने सुचवले तरच वाढवावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात जाणे जमले नाही तर त्याच दिवशी फोन करून सांगावे; न सांगता चुकवलेली भेट दोनदा झाली की विश्वास संपतो.

## टप्पा ५ : आजाऱ्याची भेट

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आजाऱ्याला बरे केले याबद्दल कौतुक नाही, त्याच्या समाचाराला गेल्याबद्दल आहे. तरीही समाचाराला गेलेला माणूस वैद्य असल्यासारखा वागतो, आणि घोटाळा तेथून सुरू होतो.

जाण्याआधी. फोन करून वेळ विचारावी. मोठ्या पहाटे उठून मित्राला मोठमोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप गणला जाईल, असे नीतिसूत्रांत (२७:१४) म्हटले आहे. रविवारी उपासना सुटल्यावर आठ जणांनी एकदम आजाऱ्याच्या खोलीत शिरणे त्याच जातीचे आहे. स्वतःला सर्दी, खोकला किंवा ताप असेल तर जाऊ नये. काय न्यावे हे घरच्यांना विचारूनच न्यावे. मधुमेह असलेल्या माणसाकडे प्रेमाने नेलेला अर्धा किलो कुंदा शेवटी पाहुण्यांनाच वाढला जातो, आणि आजारी नुसता पाहत राहतो.

खोलीत गेल्यावर. हात धुवावेत. खाटेवर न बसता खुर्ची ओढून जवळ बसावे, म्हणजे आजाऱ्याला मान वर करावी लागत नाही. पंधरा मिनिटे पुरेशी असतात. आपल्या ओळखीत याच आजाराने कोण गेले ते सांगू नये. "देवाने परीक्षा पाहिली", "काही पाप राहिले असेल" असले काही मनातही आणू नये. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. बोलू लागले आणि चुकले.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या मात्रेत बदल सुचवू नये, काढ्याची नावे सांगू नयेत, आणि "प्रार्थनेने बरे होईल, औषध बंद करा" असे तर कोणत्याही स्थितीत म्हणू नये. मधुमेह, रक्तदाब, फिट किंवा क्षयरोगाचे औषध मध्येच थांबले तर त्याचा परिणाम जीवघेणा ठरू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे वळवणे नर्सकडून किंवा घरच्यांकडून शिकून घेतले, तर आपल्या भेटीचा खरा उपयोग होतो.

दवाखान्यात. खानापूर, हुक्केरी किंवा बैलहोंगलच्या खेड्यांतून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आलेल्या कुटुंबाची अडचण रोग्यापेक्षा त्याच्याजवळ राहणाऱ्याची अधिक असते. तो रात्री जेवला का, कोठे झोपतो, आंघोळ करून दोन दिवस झाले का, फोन चार्ज आहे का, हे विचारावे. त्याला तीन तास सुटका देऊन आपण रोग्याजवळ बसणे ही बेळगाव शहरातील कुटुंबांना सहज करता येण्यासारखी सेवा आहे, आणि गावाकडच्या मंडळीने शहरातील मंडळीला एक फोन केला तर तिची सोय होते. घरचा डबा देताना तिखट, मीठ आणि पथ्य विचारून घ्यावे.

दाखल होताच, बिल चढण्याआधी, आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी दवाखान्यातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) करायला लावावी. या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि इतर कुटुंबांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, कमाल १.५ लाख रुपयांपर्यंत. अनेक उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची शिफारसचिठ्ठी लागते. तातडीच्या प्रसंगी ती अट शिथिल असते. रेशन कार्ड आणि आधार घरी विसरून आलेले कुटुंब ही रोजची गोष्ट आहे, म्हणून कागद कोणी आणायचे हे पहिल्याच दिवशी ठरवावे. अथणी-चिकोडीकडची माणसे मिरजेला आणि निपाणीकडची कोल्हापूरला जातात. राज्य बदलले की कोणते कार्ड चालेल, हे निघण्याआधी त्या दवाखान्याला फोन करून विचारावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

रक्ताची गरज असेल तर देणाऱ्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. दोन वेळांमध्ये पुरुषांना ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. तरुण मंडळाने रक्तगटांची यादी तयार ठेवली तर रात्री अकरा वाजता धावाधाव करावी लागत नाही.

प्रार्थना. "प्रार्थना करू का?" असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. हो म्हटले तर रोग्याला कळेल अशा भाषेत, हळू आवाजात, दोन मिनिटांत संपवावी. सामाईक वॉर्डात शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा आजारी झोपलेला असतो. टाळ्या आणि मोठ्याने गाणे तेथे नको. कॅथलिक कुटुंबाला घरी कम्युनियन हवे असेल तर फादरांना, आणि इतर मंडळ्यांत प्रभुभोजन हवे असेल तर पाळकांना, कुटुंबाची परवानगी घेऊन कळवावे. आजाराचे नाव मात्र प्रार्थनासभेत जाहीर करू नये. "अमुक भगिनीसाठी प्रार्थना करा" एवढे पुरते; देवाला तपशील माहीत असतो, आणि गावाला तो कळण्याचे कारण नाही.

तपासणी: बाहेर पडताना स्वतःला विचारावे, की आजारी जास्त बोलला की मी? मी जास्त बोललो असेन, तर पुढची भेट आखूड करावी.

## टप्पा ६ : कागदपत्रांची मदत

सीमाभागात ही सर्वांत जास्त गरजेची आणि सर्वांत कमी केली जाणारी सेवा आहे. मराठीत शिकलेल्या वृद्धाच्या घरी सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, तो वाचता येत नाही म्हणून देव्हाऱ्यामागे किंवा बायबलमध्ये जपून ठेवला जातो, आणि मुदत निघून जाते. ज्याला दोन्ही भाषा वाचता येतात त्याने आठवड्याला एक तास एवढेच काम केले तरी डाळ-तांदळाच्या अनेक पिशव्यांपेक्षा त्याचे मोल अधिक आहे. कागदाचा सारांश सांगू नये. शेवटच्या ओळीपर्यंत मराठीत वाचून दाखवावा.

बहुतेक तक्रारी पेन्शनच्या असतात, जिला गावात "पगार" म्हणतात. कर्नाटकात ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना संध्या सुरक्षा योजनेत दरमहा १,२०० रुपये आणि विधवांना ८०० रुपये मिळतात. पगार बंद झाला की लोक थेट नाडकचेरीत (गावगटाच्या महसूल कार्यालयात) जातात. तसे न करता पुढील क्रमाने पाहावे:

1. पासबुक भरून आणावे आणि शेवटची रक्कम कोणत्या महिन्यात जमा झाली ते पाहावे.
2. आधार सध्या कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे ते बँकेत विचारावे. आधारवर आधारलेली रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी नवे खाते उघडले असेल, तर पगार गुपचूप तेथे जमा होत असतो.
3. आधार, रेशन कार्ड आणि पासबुक यांवरील नाव अक्षर अक्षर जुळते का ते पाहावे.
4. एवढे झाल्यावरच ग्राम वन केंद्रात (गावातल्या सरकारी सेवा केंद्रात) किंवा नाडकचेरीत जावे.

तिसऱ्या मुद्द्यावर ख्रिस्ती कुटुंबे हमखास अडतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मारिया, शाळेच्या दाखल्यावर मेरी, रेशन कार्डावर कन्नडमध्ये तिसरेच काही, आणि आडनाव कधी फर्नांडिस तर कधी वडिलांचेच नाव, अशी स्थिती असते. नवा अर्ज करण्याआधी कोणते एक रूप पुढे चालवायचे हे ठरवावे. साधारणपणे आधारवरचे नाव धरून बाकीचे दुरुस्त करणे कमी त्रासाचे असते. प्रत्येक कार्यालयात वेगळी दुरुस्ती करत बसल्यास गुंता वाढतो.

मृत्यू झालेल्या घरी स्वयंपाक पोहोचवणारे पुष्कळ असतात, मृत्यूच्या नोंदीची आठवण करणारा मात्र कोणी नसतो. चर्चच्या दफन नोंदवहीतील नोंद म्हणजे सरकारी मृत्यू दाखला नव्हे. नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दफनाच्या दिवशी हा विषय काढू नये. पाचव्या-सहाव्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन सांगावे आणि सोबत जाण्याची तयारी दाखवावी.

खबरदारी: मूळ कागद आपल्या घरी रात्रभर ठेवू नयेत. झेरॉक्सवर ती कशासाठी दिली हे लिहून सही घ्यावी. ओटीपी विचारू नये, स्वतःच्या फोनवर मागवू नये, कार्डाचा पिन जाणून घेऊ नये. अंगठा घेण्याआधी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्या वेळी घरातले दुसरे कोणीतरी हजर असावे. काम झाल्यावर चहाखेरीज काही घेऊ नये. एजंट घेतो म्हणून आपण घ्यावे असे नाही. पोचपावती त्यांच्याच हाती द्यावी आणि तिचा क्रमांक वहीत लिहावा.

तालुक्याला सोबत जाताना एक लहान गोष्ट: ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, पण ओळखपत्र जवळ लागते. महाराष्ट्राच्या एसटीला ही सवलत लागू नाही. कोल्हापूरला निघालेल्या आजीला हे आधी सांगितले नाही, तर बसमध्ये तिची पंचाईत होते.

## टप्पा ७ : वस्तू आणि पैसा

हा टप्पा सातवा आहे, पहिला नाही. याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) उघड्या आणि उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन पाठवणाऱ्यावर कडक शब्दांत टीका आहे, तेव्हा द्यायचे नाही असा अर्थ काढू नये. मात्र त्या घरात जे खाल्ले जाते ते द्यावे: खानापूरकडे तांदूळ, पूर्वेकडच्या तालुक्यांत ज्वारी. जुने कपडे धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून द्यावेत. आपण घालून बाहेर पडणार नाही असा कपडा देऊ नये.

रोख रक्कम द्यायची तर ती देणगी आहे की उसनी, हे त्याच वेळी स्पष्ट करावे. परत येणार नाही हे ठाऊक असलेली रक्कम "उसनी" म्हणून दिली, तर तो माणूस आपल्याला पाहून रस्ता बदलतो, आणि पैशाबरोबर भेटही जाते. शक्य तेथे औषधांच्या दुकानात किंवा शाळेत थेट भरावे.

फोटो काढू नये. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील डाव्या हाताला न कळू देण्याची आज्ञा व्हॉट्सअॅपच्या गटांनाही लागू आहे. संस्थेला हिशेब द्यायचा असेल तर पावती पुरते.

मदतीच्या पिशवीत पत्रिका, शुभवर्तमानाची प्रत किंवा सभेचे आमंत्रण घालू नये. कर्नाटकात २०२२ साली आलेल्या धर्मांतरविषयक कायद्यात आमिषाची व्याख्या बरीच व्यापक केली होती, आणि साध्या मदतीवरून गावात वाद उठू शकतो, ही झाली व्यवहाराची बाजू. कायदा नसता तरी नियम हाच राहिला असता, कारण मदत घेणारा नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो आणि त्या वेळी त्याला श्रद्धेबद्दल विचारणे हा अन्याय आहे. त्याने स्वतः, वेगळ्या दिवशी, आपण का येता असे विचारले तर सरळ आणि थोडक्यात उत्तर द्यावे.

## टप्पा ८ : आढावा, सोपवणे आणि थांबणे

तीन महिन्यांनी त्या माणसालाच विचारावे: "मी येतो ते सोयीचे होते का? काही बदलू का?" नीतिसूत्रांत (२५:१७) शेजाऱ्याच्या घरी पाऊल क्वचितच टाकावे, नाहीतर तो कंटाळून द्वेष करील, असा इशारा आहे. आपण आल्यावर घरातले लोक गप्प होत असतील, आपल्यासाठी खास फराळ करावा लागत असेल, किंवा आधी स्वतः करत असलेली कामे तो माणूस आता आपल्यासाठी ठेवू लागला असेल, तर भेटी कमी कराव्यात.

काही गोष्टी आपल्या आवाक्याबाहेरच्या असतात आणि त्या ओळखून योग्य ठिकाणी सोपवणे हा सेवेचाच भाग आहे. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८, वृद्धांचा छळ किंवा हेळसांड असेल तर १४५६७, आणि जीव द्यावासा वाटतो असे कोणी बोलले तर टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत. शेवटच्या प्रसंगी त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि गुप्ततेचे वचन दिले असले तरी घरच्या एका विश्वासू माणसाला सांगावे. "प्रार्थना करतो" म्हणून घरी निघून जाऊ नये.

आपल्याला गाव सोडावे लागले, बाळंतपण आले किंवा आपलेच कोणी आजारी पडले, तर भेटी अचानक बंद करू नयेत. पुढे कोण येणार हे आधी त्या कुटुंबाला विचारावे; मंडळीने ठरवून नवा माणूस धाडू नये. नव्या माणसाला किमान दोनदा सोबत न्यावे. दुसऱ्या वेळी काम त्याने करावे आणि आपण नुसते बसावे. वहीतील पान देण्यापूर्वी कुटुंबाची संमती घ्यावी, अर्धवट राहिलेल्या अर्जांचे क्रमांक आणि पुढच्या तारखा नव्या माणसाला त्यांच्यासमोरच समजावून द्याव्यात, आणि शेवटच्या भेटीचा दिवस निदान पंधरा दिवस आधी सांगावा.